हात सैल सोड, बाय

बांगडीच्या मापानं माझा हात अडीचचा, हे मला बोईसरला येईपर्यंत ठाऊक नव्हतं. आम्ही घाटावरची माणसं. नवऱ्याला इथल्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून आलो, भाड्याची खोली घेतली, आणि पहिल्याच संक्रांतीला शेजारणीनं मला बाजारातल्या चाचीसमोर नेऊन बसवलं. चाची बांगड्या भरायची. माप विचारायची पद्धत नाही. तिनं माझा हात हातात घेतला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं आणि म्हणाली, "हात सैल सोड, बाय." एकही बांगडी वाढली नाही.

वाढली म्हणजे फुटली. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत. चाची मुसलमान, पण याबाबतीत ती आमच्या सासवांपेक्षा कडक. एखादी नवी मुलगी "फुटली" म्हणाली की चाची तिच्या बोटावर हळूच टिचकी मारायची, शुभ बोल गं म्हणायची. भरून झालं की आम्ही तिला वाकून नमस्कार करायचो आणि ती उजव्या हातात एक बांगडी जास्तीची चढवायची. माहेराची म्हणून. माझं माहेर दहा तासांवर होतं, त्यामुळे ती एक बांगडी मला फार लागायची. लेकीच्या बारशाला तिनंच तिच्या मनगटात इवल्या काळ्या बांगड्या घातल्या आणि सांगून ठेवलं, हिच्या लग्नाचा चुडा माझा.

लेकीचं लग्न ठरलं त्याच वर्षी ती क्लिप आली.

शेजारच्या इमारतीतल्या डोहाळजेवणाचा व्हिडिओ होता. कुणीतरी हौसेनं टाकलेला, कुणीतरी भलत्यानंच उचललेला. चाची गरोदर पोरीचा हात धरून बांगडी चढवतेय, पोरगी हसतेय. त्यावर एका पुरुषाचा शांत आवाज. आपल्या लेकीबाळींचे हात कुणाच्या हातात देताय ते नीट बघा, एवढंच. आमच्या इमारतीच्या ग्रुपवर ती चार जणींनी पुढे ढकलली. वर हात जोडल्याची चित्रं. माझं डोकं फिरलं. मी त्या चौघींशी भांडले, अगदी जिन्यात उभी राहून भांडले. ज्या हातांनी तुमची मंगळागौर सजली त्या हातांबद्दल हे? त्या म्हणाल्या, आम्ही कुठं काय बोललो, आम्ही फक्त पुढं पाठवलं.

बाजारात चाचीपुढची गर्दी हटली. क्लिपखाली कुणी तिची जागा लिहिली, कुणी "बघून घेऊ" लिहिलं. एका सकाळी तिची जागा रिकामी दिसली. वाणगावला लेकीकडे गेली, असं कळलं.

मी पोलीस ठाण्यात गेले. सोबत भाची, पालघरच्या कोर्टात वकिली करते. साहेब बरे होते, त्यांनी क्लिप दोनदा ऐकली. म्हणाले, यात शिवी नाही, धर्माचं नाव नाही, मारा-झोडा नाही, कलमात बसवायची कशी? मी म्हटलं, साहेब, शिवी असती तर बायकांनी पुढं पाठवली असती का? गोड आहे म्हणून तर पसरली. भाचीनं टेबलाखालून माझा गुडघा दाबला.

तक्रार घेतली. मग कळलं की क्लिप ज्या खात्यावरून आली ते परदेशातून चालतं, आणि व्हिडिओ ज्या कंपनीकडे आहे ती तिसऱ्याच देशातली. माहिती मागायची तर कागद दिल्लीमार्गे जाणार. भाची समजावत होती, आत्या, तिकडे थेट मारायची धमकी असेल तरच ते द्वेषाचं बोलणं धरतात, बाकी सगळं मत. आपला कायदा वेगळा, त्यांचा वेगळा, एकच व्याख्या करायला देश एकत्र बसतात आणि शब्दाशब्दावर अडतात. मी म्हटलं, आमच्या घरी तर "शुभ बोल रे नाऱ्या" एवढ्यावर भागायचं. ती हसली. मग म्हणाली, घरात नाऱ्या समोर असतो गं.

भाचीनं कंपनीलाही थेट लिहिलं होतं. त्यांचं पहिलं उत्तर आलं, यात आक्षेपार्ह काही नाही. त्यांचंही काय चुकलं म्हणा. तिकडे कुणाला माहीत, की बांगडी भरणारीच्या हातात हात देणं म्हणजे काय, आणि तो हात काढून घेणं म्हणजे काय. भाचीनं मग क्लिपखालच्या धमक्या जोडल्या आणि बांगड्या कशा भरतात तेही लिहून पाठवलं. अंगठ्याचं मूळ दाबण्यापासून नमस्कारापर्यंत सगळं मीच सांगितलं. सांगताना मला चाचीची इतकी आठवण आली की मधेच उठून चहा टाकला.

बऱ्याच महिन्यांनी क्लिप निघाली. खातंही बंद झालं. मी चुडा भरायला लेकीला घेऊन तडक वाणगाव गाठलं.

चाची तिच्या लेकीच्या घराच्या ओसरीवर बांगड्या मांडून बसली होती. वाळली होती. आम्हाला बघून तिचे डोळे भरले, माझेही. मी आनंदानं सांगितलं, चाची, ती क्लिप गेली, परदेशातून काढायला लावली. तिनं मान हलवली. मग हिरव्या चुड्याचे जुडगे काढून कागदावर ठेवले, शेजारी साबणाची वडी आणि पाण्याची वाटी. माझ्या लेकीनं हात पुढे केला. चाचीनं तो घेतला नाही.

"तूच भर, बाय," ती मला म्हणाली. "मी आता कोनाचा हात नाय धरत."

"अगं, पण ती गेली ना आता."

"ती गेली. बगनाऱ्या बाया हितंच हायत."

मी लेकीचा हात मांडीवर घेतला, साबण लावला. पहिली बांगडी अंगठ्याच्या मुळाशी अडली. मी जोर लावला, लेक कळवळली. चाचीचे दोन्ही हात मांडीवरून वर आले, अर्ध्यावर थांबले आणि पदराखाली गेले.

"हात सैल सोड, बाय," ती तिथूनच म्हणाली.

लेक रडत होती, तिचा हात काही सैल होईना. चाची तशीच, पदराखाली हात धरून, परत परत तेच सांगत राहिली.