शाफ्ट जागचा हलला नव्हता

डोंगरवाटेने जाणाऱ्या जीपला पार्किंग ब्रेक कोणता बसवावा, मागच्या चाकांतला की इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवरचा, हा प्रश्न घेऊन मी सुर्ल्याच्या बाबलो मिस्त्रींकडे गेलो. ते मूळचे सावंतवाडीकडचे. खाणीच्या गाड्या दुरुस्त करायला आले आणि खाण थांबल्यावरही इथेच राहिले. ब्रेक बसवला की गाडी उतारावर उभी करायची, बॉनेटवर चहाचा भरलेला पेला ठेवायचा आणि चहा निवेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहायचे, ही त्यांची परीक्षा. “पोरांचे पेपर तुमी तपासतात, मास्तर. माजो पेपर ह्यो.”

माझ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी लिहूनच घ्यायला लावले. “चाकातल्या ब्रेकात खाणीचो चिखल जाता. शाफ्टावरचो उंच, कोरडो रवता. पण तो चाकांक नाय, शाफ्टाक धरता. एक चाक उचललात की दुसरा मोकळा. म्हणान दगड लावल्याशिवाय जॅक लावूचो नाय. लिवलात? आता वाचून दाखवा.” मी वाचून दाखवले.

मग त्यांनी शाफ्टवरचा ब्रेक बसवला आणि दोन पावसाळे त्याने जीप धरली. पुढे धारगळजवळच्या चढावर मागचे चाक पंक्चर झाले. मिस्त्री बरोबर होते. जीपमागे वाकून ते जादा चाकाचे नट सोडवू लागले. “दगड लावतात मां, मास्तर? की परत वाचून दाखवूचा?” “लावतोच,” मी म्हणालो. ब्रेक घट्ट ओढलेला होता. दगड शोधण्यात वेळ जाईल म्हणून मी आधी जॅक फिरवला. चाक जमिनीपासून सुटले आणि जीप मागे गेली. मागे रस्त्याच्या मोरीचा कठडा होता. मिस्त्री दोहोंच्या मध्ये सापडले आणि जागीच गेले.

“सोता बसवलेलो ब्रेक त्याकाच धरूक नाय,” लोक म्हणाले. दगड न लावताच जॅक फिरवल्याचे मी कोणाला सांगितले नाही. महिन्याने त्यांच्या पत्नीला खरे सांगितले. त्या तांदूळ निवडत होत्या. “ह्या तेवाच सांगूचा होता, मास्तर,” एवढेच बोलल्या.

त्यांचे बरोबर होते. आता ज्याला सांगावे तो म्हणतो, “मास्तर मोठ्या मनाचे, मेलेल्याचो दोष आपल्यावर घेतत.” मिस्त्रींच्या नावावरचा डाग मला धुऊन काढता येत नाही.

म्हणून वाचकांना विनंती आहे. शाफ्टवर ब्रेक असलेली गाडी सपाट जागी घ्या. पुढची चाके दगडांनी अडवा, मागची दोन्ही भक्कम टेकूंवर उचला आणि ब्रेक ओढा. एक चाक हाताने फिरवा. दुसरे उलटे फिरेल आणि शाफ्ट जागचा हलणार नाही; ब्रेकने त्याला धरलेलेच असेल. माझ्या शब्दावर जाऊ नका. स्वतः तपासून पाहा.