टेलरबाईचा उजवा पाय

अठरा वर्षं शिलाई मशीन चालवलेल्या बाईला मोटरसायकल शिकणं इतरांपेक्षा जड जातं. तिच्या अंगाची उजवी बाजू आधीच दुसऱ्या नोकरीला लागलेली असते. हे टेलरबाईला कुणी आधी सांगितलं असतं, तरी तिनं ऐकलं नसतं. त्या दिवसांत ती कुणाचंच ऐकायच्या मनःस्थितीत नव्हती.

सगळी गल्ली तिला टेलरबाईच म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत मोटर लावलेली दोन मशिनं, भिंतीलगत कापायचं टेबल, टेबलाखाली हिरव्या कापडाचे तागे. टेकडीवरच्या इस्पितळासाठी ती ऑपरेशनचे गाऊन, टोप्या आणि चादरी शिवायची. नवरा जहाजावर, वर्षातले आठ महिने पाण्यात. घरात ती आणि सासूबाई, दोघीच. दर सोमवारी सकाळी आठच्या आत तयार गठ्ठे इस्पितळाच्या स्टोअरमध्ये पोचवायचे आणि नवं कापड घेऊन यायचं, एवढं काम तिचा धाकटा दीर आपल्या गाडीवरून करायचा. बाजारात त्याचं तयार कपड्यांचं दुकान होतं. सकाळी सातला टेकडी चढायला एकही रिक्षावाला तयार नसे, आणि बस पायथ्यालाच थांबायची.

एका सोमवारी गठ्ठे पोचवून तो परत आला आणि उभ्या उभ्याच म्हणाला, "वहिनी, हे आता माझ्याच्यानं व्हायचं नाही. आणखी महिनाभर नेतो, मग बंद. तुम्ही असं करा, ही मशिनं माझ्या दुकानामागच्या खोलीत हलवा. तिथं बसून शिवा. इस्पितळाचं मी बघतो. कागदावर नाव दुकानाचं घालू, म्हणजे कटकट नाही."

"कटकट कुणाला आहे, भावजी?"

"मला आहे ना! ओझी मी वाहतो आणि नाव तुमचं."

"मग मीच नेईन."

"कशावरून? डोक्यावरून?"

"जिन्याखालच्या गाडीवरून."

दीर इतका हसला की त्याला दाराची चौकट धरावी लागली. आपल्याबरोबर आई हसेल म्हणून त्यानं तिच्याकडे पाहिलं. सासूबाई पदरानं चष्मा पुसत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत.

जिन्याखालची गाडी म्हणजे सासऱ्यांची जुनी मोटरसायकल. सासरे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. ते गेल्यावर नवरा सुट्टीवर आला की ती चालवायचा, बाकी वर्षभर ती मेणकापडाखाली उभी. किकची, चार गिअरची, आणि वजनाला टेलरबाईच्या दुप्पट.

दीर गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मी शिकवते तुला."

"आई, तुम्हाला येते?"

"चालवता येत नाही. पण ऐकू येतं." त्यांनी चष्मा नाकावर चढवला. "तीस वर्षं मागं बसले आहे मी. कुठला गिअर कधी मागते ते मला झोपेतसुद्धा कळतं. एकदा म्हटलं होतं ह्यांना, मला शिकवा. तर म्हणाले, तुझी जागा मागं आहे, आणि चांगली गादीची आहे. मी गप्प बसले. फार गप्प बसले."

पहिलं काम टेलरबाईनं तिला येत होतं तेच केलं. दोन विजारी शिवल्या. जाड कापडाच्या, गुडघ्यावर दुहेरी. एक स्वतःसाठी, एक सासूबाईंसाठी. सासूबाईंनी तीस वर्षं दोन्ही पाय एका बाजूला सोडून प्रवास केला होता, पण शिकाऊ बाईच्या मागं असं लोंबकळून बसलं तर दोघीही एकाच कुशीवर पडल्या असत्या. सासूबाई विजार घालून आरशासमोर उभ्या राहिल्या, वळून मागून पाहिलं आणि म्हणाल्या, "खिसे कुठं आहेत? पुरुषांच्याला असतात." टेलरबाईनं खिसे लावून दिले.

शिकाऊ परवाना काढला, दोन हेल्मेटं आणली. सासूबाईंच्या हनुवटीखालचा पट्टा टेलरबाई रोज स्वतः ओढून बघायची, आणि सासूबाई तिचा. मग दोघी बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागच्या पटांगणात जायच्या. पहिले दोन दिवस गाडी नुसती ढकलत न्यायची आणि ढकलत आणायची, म्हणजे वजनाची ओळख व्हावी. तिसऱ्या दिवशी किक. पाचव्या दिवशी गाडी चालू लागली.

सासूबाईंची पद्धत साधी होती. खांद्यावर एक टिचकी म्हणजे वरचा गिअर, दोन टिचक्या म्हणजे खालचा. इंजिन जरा घुरघुरलं की टिचकी. "आता टाक. ओरडायला लागल्यावर टाकतात का? आधी टाकायचा." मधूनच त्या धडाच विसरायच्या. पाय एका बाजूला सोडल्यामुळे तीस वर्षं त्यांनी प्रत्येक रस्त्याची फक्त डावी बाजू पाहिली होती. "अगं, इकडं एवढं मोठं तळं आहे? कधीपासून?"

"पहिल्यापासून आहे, आई. टिचकी मारा."

गाडी चालवणं जमू लागलं. थांबणं जमेना.

मशीनवर उजवा पाय दाबला की मशीन पळतं आणि उचलला की थांबतं. घाईनं थांबवायचं असेल तर उजवा हात जातो मशीनच्या चाकावर आणि चाक घट्ट धरतो. मोटरसायकलवर नेमकं उलटं. उजवा पाय दाबला की ब्रेक, आणि उजवी मूठ पिळली की गाडी पळते. टेलरबाईला हे तोंडपाठ होतं. विचारलं असतं तर तिनं घडाघडा सांगितलं असतं. पण घाबरल्यावर माणूस डोक्यानं गाडी चालवत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एकदा कारखान्याची भिंत समोर आली. तिनं उजवा पाय उचलला आणि उजव्या मुठीनं गच्च धरून पिळलं. गाडी गरजून पुढं झेपावली. नशीब, की भिंतीला लागून लाकडाच्या भुशाचा ढीग होता, बर्फ झाकायला कधीकाळी आणलेला. दोघी त्यात छातीपर्यंत रुतल्या.

टेलरबाईचा गुडघा सोलवटला होता. पण तिनं आधी मागं वळून पाहिलं. सासूबाई भुशात बसलेल्या, चष्म्याची एक काडी तुटलेली, भुवयांवर भुसा. त्यांचं काही मोडलं असतं, तर जहाजावर फोन करून काय सांगितलं असतं मी? हा एकच विचार तिच्या मनात आला.

"बास, आई. नको हे. मी मशिनं हलवते दुकानात."

"हलव," सासूबाई तोंडातला भुसा थुंकत म्हणाल्या. "आणि मग लोकांना काय सांगशील? सासूचा चष्मा मोडला म्हणून मी माझं नाव देऊन टाकलं? तो मला दुसरा मिळेल. ऊठ. आणि मला आधी उठव."

गाडी ढकलत दोघी घराकडं निघाल्या. गल्लीच्या तोंडाशी आल्यावर टेलरबाई एकदम थांबली. पाय गाडीवर बसूनही मशीन विसरत नाही, तर मग मशीनलाच उलटं करायचं.

घरी येऊन तिनं मशीनचं पेडल उचललं आणि डाव्या पायाखाली ठेवलं. उजवा पाय स्टुलाच्या दांडीला नाडीनं बांधून टाकला. पहिल्या दिवशी टाके दारू प्यायल्यासारखे गेले. चार टोप्या उसवाव्या लागल्या. उजव्या हाताचा प्रश्न राहिला. त्यासाठी तिनं कापडाची लाकडी पट्टी सासूबाईंच्या हातात दिली. "माझा हात चाकाकडं गेला की मारा."

"मी? मारू?"

"जोरात."

सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या. दुसऱ्या दिवशी दीर आत आला, तेव्हा त्याला दिसलं ते हे: वहिनीचा पाय स्टुलाला बांधलेला आणि आई वहिनीच्या हातावर पट्टी हाणते आहे.

"आई! काय चाललंय?"

"शिकवणी," सासूबाई म्हणाल्या.

"घरात येड लागलंय सगळ्यांना. वहिनी, परवाचा सोमवार माझा शेवटचा, लक्षात आहे ना? त्याच्या पुढच्या सोमवारी आठला गठ्ठे गेले नाहीत, तर काम जाईल. स्टोअरबाई तशी फार कडक आहे. मी बोलून ठेवलंय तिच्याशी, दुकानाच्या नावाचं."

टेलरबाईचं मशीन थांबलं. "माझ्या कामाचं तुम्ही बोलून ठेवलंत?"

"तुमच्याच भल्यासाठी. पडलाबिडलात तर दादाला मी काय तोंड दाखवू?"

"पडले. काल. भुशात. दादांना कळवा हवं तर," ती म्हणाली आणि डाव्या पायानं पेडल दाबलं. टीप सरळ रेघेत गेली. तिच्या लक्षात आलं, की हात चाकाकडं गेला नव्हता.

दिराचा शेवटचा सोमवारही गेला. परवान्याची परीक्षा आली. मैदानात चुन्यानं आठचा आकडा काढलेला. साहेब छत्रीखाली बसलेले. पाय टेकला की नापास. टेलरबाईच्या पुढच्या तिघांनी पाय टेकला. तिनं आकड्याकडं पाहिलं. दोन मुंढे, म्हणजे बाही जिथं जोडतात ते गोल काप, एकमेकांना जोडून ठेवले की असाच आकार होतो, आणि बाहीचे मुंढे तर तिनं हजारांनी कापले होते. मुंढा कापताना कात्रीच्या टोकाकडं बघायचं नसतं, जिथं जायचं तिथं बघायचं. तिनं तसंच पाहिलं. आठ संपला.

"ब्रेक मारून दाखवा," साहेब म्हणाले.

मैदानाच्या कडेला सासूबाईंनी डोळे मिटून घेतले. गाडी जिथल्या तिथं उभी राहिली.

सोमवारी पहाटेपासून दोघी तयार होत्या. गठ्ठे मागच्या गादीवर आणि दोन्ही अंगांना आले. ते बांधून झाल्यावर दोघींच्या एकदमच लक्षात आलं, की आता मागं बसायला जागा नाही. खांद्यावर टिचकी मारायला कुणी नाही. पाच आठवड्यांत त्याचा विचार दोघींनाही सुचला नव्हता.

"ऐकू येईल तुला," सासूबाई म्हणाल्या. त्यांनी तिच्या हनुवटीखालचा पट्टा ओढून पाहिला, मग परत ओढून पाहिला.

साडेसहाला दीर आला. गठ्ठे बांधलेले पाहून त्याचा चेहरा पडला. तो फाटकाच्या मधोमध उभा राहिला.

"वहिनी, तमाशा नको. टेकडीचा रस्ता आहे तो. आणा, मीच नेतो. एकदा फक्त हो म्हणा, पहिल्या तारखेपासून दुकानात बसते म्हणून."

"नाही म्हणते."

"गाडी आमच्या वडिलांची आहे."

"आणि माझ्या नवऱ्याची," सासूबाई म्हणाल्या. "मी तीस वर्षं तिची गादी झिजवली आहे. किल्ली मी दिली आहे हिला. बाजूला हो."

"नाही होणार."

"अरे, हो. हिचा ब्रेक उजव्या पायात आहे, आणि तो पाय अजून पुरता सुधारलेला नाही."

टेलरबाईनं किक मारली. दिरानं एकदा तिच्या पायाकडं पाहिलं, एकदा चाकाकडं, आणि टुणकन कुंपणाला चिकटला.

बाजारातून ती दुसऱ्या गिअरवरच गेली. खांदा टिचकीची वाट बघत होता. टेकडीच्या पायथ्याला इंजिन घुरघुरलं, आणि आपल्याला ते ऐकू आलं हे तिला कळायच्या आत डाव्या पायानं गिअर बदललेला होता. निम्म्या चढावर पुढचा ट्रक अचानक थांबला. उजवी मूठ सैल पडली आणि उजवा पाय दाबला गेला, दोन्ही न सांगता. गाडी थांबली, ट्रकच्या दिव्यापासून हातभर अंतरावर. थांबली ती बंदच पडली.

मागच्या गाडीवाल्यानं हॉर्नवर हात ठेवला. "ओ बाई, कडेला घ्या की! येत नाही तर कशाला घेता?"

कडेला उतार होता आणि पलीकडे नाला. "येते म्हणून तर थांबले! तुम्हीच थांबा," ती मागं न बघता ओरडली. किक मारली. नाही. पुन्हा मारली. नाही. चढावर हाताचा ब्रेक दाबून धरलेला, गुडघ्यावरची ताजी खपली विजारीच्या आत फाटलेली. तिसऱ्या किकला इंजिन धडधडलं.

स्टोअरच्या घड्याळात आठला बारा मिनिटं होती. स्टोअरबाईनं गाऊन मोजून घेतले आणि खिडकीतून बाहेर पाहिलं.

"दीर नाही आले? ते नाव बदलायचं म्हणत होते."

"नाव बदलायचं नाही. शिवते मी, आणते मी. सही माझीच घ्या."

स्टोअरबाईनं चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. विजारीला भुसा होता, तो धुऊनही पुरता निघाला नव्हता. तिनं वही पुढं सरकवली. "पुढच्या सोमवारी चादरी जास्त लागतील. आणाल?"

"आणीन."

येताना नव्या कापडाचे तागे तिनं दोन्ही अंगांना बांधले आणि गादी मोकळी ठेवली. गल्लीच्या तोंडाशी सासूबाई उभ्या होत्या, विजार घालून, हेल्मेट घालून, पट्टा स्वतःच आवळलेला. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे.

"पुलावरून तिसऱ्यावरच आलीस," त्या म्हणाल्या. "इथवर ऐकू येत होतं. चौथा कुणासाठी ठेवला आहेस?"

"बसा मागं, दाखवते. घरी ना?"

सासूबाईंनी पाय पलीकडे टाकला आणि नीट बसून घेतलं. "घरी कशाला? आधी त्याच्या दुकानावरून ने. दुकान उजव्या हाताला आहे, मी कधी नीट पाहिलेलं नाही." मग त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि तिथं दुसऱ्यावरच चालव. त्याला नीट दिसलं पाहिजे."