दिल्या घरच्या लेकी

मंचरच्या एका दवाखान्याच्या हॉलमध्ये पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बोलावलं होतं. घराण्यातून येणारा कर्करोग होण्याआधीच रोखता येतो का, हे पाहायला एका गोळीची चाचणी करायची होती. ती कशी करावी, हे रुग्णांना आणि घरच्यांना विचारून ठरवणार होते. माझा एक स्तन काढलेला, जनुकातला दोष रक्ततपासणीत सापडलेला. पण मी गेले भाचीसाठी. राजुरीत राहणारी माझ्या भावाची मुलगी, वय तेवीस. तिची तपासणी होऊन ती या चाचणीत बसावी, एवढंच हवं होतं. दादा तिला घेऊन आला होता, तेही मंचरात तिच्या लग्नपत्रिका पसंत करायच्या होत्या म्हणून.

डॉक्टरांनी दिलेल्या फॉर्मवर दादाने घराण्याचा तक्ता वडिलांच्या वहीतून उतरवून आणला होता. चार पिढ्या, सतरा नावं, सगळे पुरुष. कर्करोग कुणालाच नाही. डॉक्टरबाईंनी मला विचारलं, "यात तुम्ही कुठे आहात?"

मी दादाकडे पाहिलं.

"तुमी दिल्या घरच्या," तो म्हणाला. "वंशावळीत लेकी लिहित्यात व्हय?"

तो लपवत नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

पेन घेऊन मी भर घातली. खोडदला दिलेली थोरली आत्या, धाकटी आत्या, चाळिशीत गेलेली ताई, मी. चौघी, चौघींनाही कर्करोग. डॉक्टरांना म्हटलं, हा कागद पुरुषांच्या हाती देऊ नका. आत्या किती होत्या आणि कशाने गेल्या, हे लेकींना विचारा. बाईंनी सगळं लिहून घेतलं, फॉर्म बदलू म्हणाल्या. पण चाचणी सुरू व्हायला अजून दीड-दोन वर्षं तरी लागणार होती.

निदान रक्त तरी आज देऊ दे, असं मी दादाला तीनदा सांगितलं. त्याचं उत्तर एकच. दोष निघाला तर सोयरीक मोडेल. लग्नानंतर सासरचे बघतील. सासरचे काय बघतात ते मी ताईच्या वेळी पाहिलंय, हेही बोलले. तो जिना उतरायला लागला.

मी भाचीला विचारलं, तू देतेस का? ती जिन्याकडे बघत राहिली.

"आत्या, गोळी येईस्तवर मीबी दिल्या घरचीच."

मी तक्त्याची कोरी प्रत मागून तिच्या हातात दिली. तिने ती घडी घालून पिशवीत ठेवली, पत्रिकांच्या नमुन्यांखाली, आणि बापाच्या मागे गेली.