ताटलीला तेल

सायकलीच्या ब्रेकबद्दल उत्तरेश्वर तळेकरांचं मत पक्कं होतं, आणि ते कुणी विचारलं नाही तरी मिळायचं. ब्रेक असावा तर रिमचा. चाकाच्या कडेला दोन्ही बाजूंनी रबरी गुटके येऊन चिकटतात, डोळ्यांना दिसतं, झिजले की कळतं, आणि रस्त्याकडेला उकिडवं बसून बदलताही येतात. त्यांची सून शर्मिला हिच्या सायकलीला मात्र डिस्क ब्रेक होते. चाकाच्या मधोमध, आसाला लागून पोलादी चकती, आणि चाक थांबवायचं ते ती चकती चिमट्यात धरून. उत्तरेश्वर त्या चकतीला ताटली म्हणायचे. "ताटली जेवायला बरी," हे एकदा बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच इतकं आवडलं, की आठवडाभर हडपसरच्या त्या घरात दुसरा विनोद झाला नाही.

शर्मिलाही ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती.

"बाबा, पावसात तुमचा ब्रेक आधी विचार करतो, मग लागतो."

"माणसानंही तसंच करावं."

"समोर पीएमटीची बस आल्यावर?"

यावर उत्तरेश्वर चष्मा पुसायला घ्यायचे. शर्मिलाच्या लग्नापासून त्यांचा चष्मा भलताच स्वच्छ राहू लागला होता.

करमाळ्याजवळच्या केम गावचा हा माणूस तरुणपणी पुण्यात आला आणि हडपसरच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर म्हणून चिकटला. कारखान्यात जाणं-येणं सायकलवरून. बरोबरीचे लोक स्कूटरवर गेले, मग मोटारीत गेले, हे सायकलवरच राहिले. निवृत्तीनंतर त्यांनी वाकड्या हँडलची रेसची सायकल घेतली, तेव्हा पत्नी सुशीलाबाई म्हणाल्या, "आता या वयात शर्यत कुणाशी?" पण रविवारी ते परत यायच्या वेळेला त्यांचं चहाचं आधण बरोबर उकळत असायचं.

सुशीलाबाई गेल्या आणि सायकल गॅलरीत पडून राहिली. तिच्यावर आधी टॉवेल वाळू लागले, मग चादरी. माणूसही तसाच खुर्चीत पडून राहिला. मुलगा अनिरुद्ध लॅपटॉपवरून नजर न काढता "बाबा, जरा बाहेर पडत जा" म्हणायचा, आणि त्यात त्याचं चुकत होतं असंही नाही. पण शर्मिलानं एका सकाळी त्या चादरी उचलल्या, टायरांत हवा भरली आणि म्हणाली, "मला एकटीला रस्त्यावर भीती वाटते. सोबत चला."

ही शुद्ध थाप होती. लग्नाआधी ती एकटी सिंहगडापर्यंत जाऊन यायची. उत्तरेश्वरांना हे पुढे अनिरुद्धकडून कळलं. या मुलीनं आपल्याला खुर्चीतून उठवलं, नाहीतर आपण तिथेच संपलो असतो, हे त्यांना स्वच्छ समजत होतं. पण तोंडानं कौतुक करणं तळेकरांच्या घराण्यात बसत नव्हतं. त्याऐवजी ते गुपचूप तिची सायकल पुसायचे.

त्या वर्षी दसऱ्याला दोघं पहाटेच दिवेघाटाला निघाली. घाटमाथ्यावर चहा घ्यायचा, तिथेच दोन्ही सायकलींची पूजा करायची आणि उन्हं तापायच्या आत परतायचं, असा बेत. फुरसुंगी, वडकी मागे पडली आणि चढ लागला तसा शर्मिलाच्या चाकातून खर्रखर्र, मधूनच कुईं असा आवाज येऊ लागला.

"काल बद्रीनाथनं ब्रेक उघडले होते, नीट बसवले नसणार," ती धापा टाकत म्हणाली. बद्रीनाथ हा विश्रांतवाडीचा तिचा मेकॅनिक. "उद्या परत न्यायला हवी."

माथ्यावर पोचल्यावर ती चहा सांगायला टपरीकडे गेली. उत्तरेश्वरांनी पिशवीतून झेंडूच्या माळा काढून दोन्ही हँडलांना घातल्या, हळदकुंकू वाहिलं आणि आपल्या साखळीला शिवणयंत्राचं तेल दिलं. मग त्यांना ती कुईंकुईं आठवली. आवाज येत होता चाकाच्या मध्यातून. त्यांच्या सगळ्या आयुष्यात चाकाच्या मध्यातून आवाज आला, म्हणजे आस कोरडा पडला, आणि आस कोरडा पडला, म्हणजे तेल. जुन्या सायकलींना तर तिथे तेल घालायला भोकच असायचं. त्यांनी भोक शोधलं, सापडलं नाही. तेव्हा ताटली आणि चिमटा यांच्या फटीतच पुढे दोन थेंब, मागे दोन थेंब सोडले आणि चाक फिरवून पाहिलं. आवाज बंद! त्यांना मनापासून बरं वाटलं. रिमला तेलाचं बोटसुद्धा लागू न देणारा हा माणूस होता. पण ती ताटली म्हणजेच शर्मिलाची रिम, हे काही त्यांच्या ध्यानात आलं नाही.

चहा झाला. उतार लागला. उत्तरेश्वर पुढे, बेतानं, शर्मिला मागे. पहिल्याच वळणाच्या अलीकडे मागून हाक आली.

"बाबा! ब्रेक लागत नाहीये!"

त्यांनी वळून पाहिलं. ती दोन्ही ब्रेक आवळून होती आणि सायकल वेग घेतच होती. खाली वळण, वळणापलीकडे दरी, आणि खालून एक ट्रक घरघरत वर येत होता. उत्तरेश्वर डोंगराच्या बाजूला सरकले आणि तिला शेजारी येऊ दिलं.

"खांदा धर! माझा खांदा धर!"

"तुम्ही पडाल!"

"धर म्हणतो ना!"

तिनं धरला. दोघांचं वजन एकदम अंगावर आलं. सायकल हेलपाटली, सावरली. उत्तरेश्वरांनी ब्रेक आवळत आणले, एकदम नाही, थोडे थोडे. गुटके करकरले, जळक्या रबराचा वास सुटला, शर्मिलाचे बूट डांबरावर घासत गेले, आणि वळणाच्या तोंडाशी दोन्ही सायकली डोंगराच्या बाजूच्या गटाराला टेकून थांबल्या. ट्रक हॉर्न देत शेजारून वर गेला.

मग शर्मिलानं वाकून चकतीवर बोट फिरवलं. बोट तेलकट झालं.

"तेल! बद्रीनाथनं चकतीवर तेल सांडलंय. माणूस मेला असता!" तिनं फोन काढला. "आज सोडत नाही त्याला. सगळ्या सायकलवाल्यांना सांगते, कुणी पाय ठेवायचा नाही त्याच्याकडे."

फोनची रिंग वाजू लागली. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. उलट घरी गेल्यावर रिमच्या ब्रेकचा आणि सासऱ्याचा जयजयकार झाला असता. आणि बोललं, तर ही मुलगी पुन्हा आपल्याला सोबत चला म्हणेल कशाला? पुन्हा ती गॅलरी, पुन्हा ती खुर्ची.

"ठेव तो फोन," ते म्हणाले. "मी घातलं तेल. तू चहा सांगायला गेलीस तेव्हा. आवाज येत होता, मला वाटलं आस कोरडा आहे."

शर्मिलानं फोन कापला. मग मटकन गटाराच्या कठड्यावर बसली आणि रडू लागली. उत्तरेश्वरांनी तिची माळ घातलेली सायकल उचलून बाजूला टेकवली.

"तू म्हणशील ते कबूल," ते म्हणाले. "तुझ्या सायकलीला मी परत हात लावणार नाही. उद्यापासून येतही नाही."

"हात लावू नकाच," ती नाक पुसत म्हणाली. "पण येणार नाही म्हणजे? तुम्ही पडाल म्हणून मी खांदा धरणारच नव्हते, बाबा. तुम्ही 'धर' म्हणालात."

उत्तरेश्वरही कठड्यावर टेकले. मग खाली सायकली हातात धरून चालतच जायचं ठरलं. तिनं पाण्याची बाटली पुढे केली, आणि ती घेता घेता सुशीलाबाईंना जन्मात कधी न म्हटलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"पोरी, तू आहेस म्हणून मी आहे."

शर्मिलानं एकदा खालच्या दरीकडे पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली, "आज तरी ते उलटं आहे."