निर्मलाताईच्या घरातला आवाज

निर्मलाताई गेल्याचं तिच्या शेजारणीनं फोनवर सांगितलं. मी आसगावला पोहोचले, तोवर अंगणात नातेवाइकांची ही गर्दी. ती जिवंत असताना ही माणसं कुठल्या बिळात होती, कोण जाणे. तिचा मोठा भाऊ मनोहर नागपूरहून आला होता. पांढराशुभ्र शर्ट, डोळ्यांना रुमाल. "त्या वेड्यापायी गेली माही बहीण," असं येईल त्याला ऐकवत होता. ज्याच्याबद्दल हे चाललं होतं, तो त्यांचा धाकटा भाऊ दिनेश भिंतीशी बसून सगळं ऐकत होता.

ताई माझी मामेबहीण. कॉलेजात असताना दिनेशच्या कानात कोणीतरी बोलू लागलं. स्किझोफ्रेनिया हा शब्द घरात येण्याआधी लिंबू, अंगारा, गंडेदोरे सगळं येऊन गेलं; आणणारे हेच काका-मामा. आईवडिलांमागे त्याला ताईनं सांभाळलं. सुरुवातीला तीही ओरडायची. मग भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी समजावलं, की घरात सतत टोचून बोललं की याच्या मेंदूवर ताण येतो, आजार उसळतो. ताईनं आवाज खाली आणला तो कायमचा. गोळ्या चालू होत्याच; दिनेश सावरला, धानाच्या रोवणीला जाऊ लागला. पाहुणे मात्र दिवाळीला यायचे, फराळ हादडायचे आणि त्याला उपदेश पाजायचे. एकदा जेवताना मनोहर खेकसला, "बहिणीच्या जिवावर कितीक दिवस खाशीन रे?" ताईनं मनोहरच्याच समोरचं ताट उचललं. "भाऊ, त्याच्या डोक्याले हे सोसत नाई. असंच बोलाचं असन तर बाहेर जाऊन बोल." मनोहर उपाशी परत गेला... मला त्याचा आजही आनंद होतो.

पण गिळलेला राग आणि तुटलेली झोप तिच्या अंगात साठत गेली. बीपी वाढलं, डोकं ठणकायचं. डॉक्टर म्हणाले, आता तुम्हालाच विश्रांती हवी. तिनं माझ्यासमोर मनोहरला फोन लावला. "दिनेशले आठ दिवस ठेवशीन काय? मले बरं वाटून नाई राहिलं." पोरीची परीक्षा होती म्हणे, शिवाय सोसायटीतले लोक काय म्हणतील... ताईनं फोन ठेवला आणि भात उतरवायला उठली. काही दिवसांतच मेंदूत रक्तस्राव झाला. तेरवीला याच मनोहरनं तिच्या त्यागावर भाषण केलं. लाज नावाची वस्तू त्याच्या सोसायटीत मिळत नसावी.

दिनेशला कोणी नेलं नाही. गेल्या आठवड्यात मी गेले, तर त्यानं ताईची खाट उन्हात ओढली होती आणि नवार घट्ट करत होता. "ढिली झाली का ताई लगेच ओढे," म्हणाला. मला चहा दिला, स्वतःची गोळी घेतली. तेवढ्यात मला मनोहरचा फोन आला.

"घर रिकामंच पडलं असन ना? एक गिऱ्हाईक हाये."

दिनेश नवारीला गाठ मारत होता.

"नाई भाऊ," मी म्हटलं, "इथं माणूस राहते."