ओटोराकचं काहीच संपत नाही

तीन दिवस झाले, म्हाताऱ्या ओटोराकचं काहीच संपलं नव्हतं, आणि बोलात्ताच्या जिवाला त्याचाच घोर लागला होता.

एरवी शेजारचा ओटोराक रोज सकाळी बूट झटकत तिच्या स्वयंपाकघरात यायचा आणि दारातूनच एक शब्द टाकायचा: कॉफीसंपला. कधी साखरसंपला, कधी दातसंपला. ग्रीनलँडच्या त्या बोलीत वस्तूच्या नावाला एक शेपटी जोडली की काम भागतं. मुळातच नसलेल्यासाठी शेपटी वेगळी, होतं आणि संपलं त्यासाठी वेगळी. ओटोराक दुसरीच वापरायचा. “माझ्याकडे सगळं होतं बरं का!”

तक्रार मात्र बोलात्ताच्या आठ वर्षांच्या लेकीकडे, मार्ताकडे. ओटोराकची बायको मार्ता वारली, त्याच महिन्यात ही पोर जन्मली. रिवाजाप्रमाणे तिला गेलेल्या बाईचं नाव मिळालं, आणि नावाबरोबर गेलेल्याची नातीही येतात, म्हणून बोलण्यापुरता नवराही. तोवर ‘बायकोसंपला’ म्हणत गावभर हिंडणाऱ्या ओटोराकने तो शब्द बाप्तिस्म्याच्या दिवशी सोडला, तो सोडलाच.

“अहो, आज काय संपलं?” मार्ता कमरेवर हात ठेवून विचारायची.

“मोजेसंपला.”

“आणि परवा दिले ते?”

“कुत्र्याने पळवले.”

“कुत्रा तर गेल्या वर्षीच संपला ना?”

“म्हणून तर सापडत नाहीत!”

पण सोमवारी शाळेत पोरी मार्ताला चिडवू लागल्या, “हिच्या नवऱ्याला दातच नाहीत!” दुसऱ्या सकाळी तिने सगळा राग ओटोराकवर काढला. “मी नाही तुमची बायको! दुसरी शोधा!” त्याने टोपी घातली आणि अर्धी कॉफी तशीच टाकून तो गेला. जन्मात त्याने कप अर्धा ठेवला नव्हता.

त्याच्या खिडकीत दिवा दिसत होता. दुकानातली बाई म्हणाली, “ठणठणीत आहे गं. काय देऊ विचारलं, तर म्हणाला, काही नको.”

काही नको! बोलात्ताला वाटलं, तो जुना ‘बायकोसंपला’ परत त्याच्या तोंडी आला तर?

“मला करमत नाही,” मार्ता लापशी चिवडत म्हणाली. “पण मी आधी बोलणार नाही.”

“जुनी मार्ताही अशीच. आठवडा आठवडा फुगून बसायची.”

“मग आधी कोण बोलायचं?”

“माझी आई. शेजारीण होती ना.”

बोलात्ता फोनकडे वळली. म्हाताऱ्याला काय सांगायचं ते तिने ठरवलं होतं: आमच्या घरी ओटोराकसंपला.

“आणि म्हणावं,” मार्ता मागून ओरडली, “तुमचा अर्धा कप मी अजून ओतून टाकलेला नाही!”