लाल गाडीला सरळ चालायला लावणारे नरहरीकाका

भूकंप झाला त्या आठवड्यात लातूरला आमच्या ओसरीवर आलं ते असं: ज्वारीची तीन पोती, तुरीची डाळ, तिखट आणि शेजारणींच्या पराती. ज्वारीचा दाम कुणी घेतला नाही. दळणाचे पैसे तेवढे पडले. भाकरी बांधून झाल्या की किल्लारीला न्यायला दारात जीप यायची. चालवणारे गृहस्थ बसण्याआधी चारही चाकांना हात लावायचे. मला वाटलं, नमस्कार करतात. ते चाकांचे नट तपासत होते. आयटीआयमध्ये मोटार दुरुस्ती शिकवणाऱ्या नरहरीकाकांची आणि आमची ओळख झाली ती अशी. त्यांच्या पंचाहत्तरीच्या ग्रंथात माझ्यासारख्या मॅट्रिक बाईलाही लिहायला मिळतंय, ही दत्तगुरूंची कृपा.

पुढे लातुरात क्लासेसचे दिवस आले. माझे धाकटे दीर सुधाकरभाऊजी सकाळी लातूरला आणि दुपारून नांदेडला फिजिक्स शिकवायचे. त्यांनी हौसेनं मुंबईहून जुनी लाल स्पोर्ट्स कार आणली. ती इतकी बुटकी की प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायचं. भाऊजींनी स्प्रिंगखाली जाड रबरी चकत्या बसवून ती उंच करून घेतली. घासणं थांबलं, पण आता चाक खड्ड्यात गेलं की गाडी आपोआप बाजूला झेपावायची. एकदा नांदेडच्या वाटेवर लोह्याजवळ समोरच्या उसाच्या ट्रॅक्टरखाली जाता जाता वाचले. सासूबाईंनी जेवण सोडलं. म्हणाल्या, "गाडी इक, न्हाई तर नांदेड सोड."

परीक्षा तोंडावर होत्या. नांदेडची पोरं सोडायची कशी? आणि गाडीत तर भाऊजींचा जीव.

ते गाडी घेऊन नरहरीकाकांकडे गेले. काकांनी आधी शॉकअप बदलले. फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले. "सूनबाई, माझा अंदाज चुकला. मजुरी द्यायची न्हाई." एवढ्या नावाजलेल्या माणसानं इतकं सरळ बोलावं, हे मी तेव्हाच पाहिलं.

मग आमच्याच अंगणात त्यांनी गाडी ठोकळ्यांवर घेतली, पुढच्या स्प्रिंगा काढल्या, बाजूनं दोरी ताणली. "सर, मी जॅकनं चाक उचलतो. तुम्ही दोरीपासून चाकाच्या पुढच्या-मागच्या कडेचं अंतर मोजा."

"काका, चाक वर जातंय तसं पुढून बाहेर फाकतंय!"

"हाव. स्टेअरिंगला हात न्हाई, तरी वळून राहिलंय बघा. गाडी सपाट फरशीवर उभी करून चाकांची अलाइनमेंट तपासली तर बरोबरच दिसणार."

भाऊजी खडू घेऊन फरशीवर आकृती काढू लागले, काका शेजारी उकिडवे बसले. मला कळलं ते एवढं: गाडी उंच केल्यानं स्टेअरिंगकडून चाकाला जाणारा दांडा तिरपा झाला होता. चाक उसळलं की तोच त्याला ढकलायचा.

"चकत्या काढा, सर. अन् गतिरोधकावर तिरपं, हळू जायचं. तुमच्या गाडीला क्लासची घाई शिकवू नका."

चकत्या निघाल्या. तरी सासूबाई ऐकेनात. "आधी मी बसते. काय व्हायचं ते मला होऊ दे, मग माझा लेक बसंल." काकांनी त्यांना हाताला धरून आत बसवलं आणि मुद्दाम सगळ्यात फुटका रस्ता निवडला. मी देवापुढे दिवा लावून दारात उभी. अर्ध्या तासानं दोघं परतले. सासूबाई म्हणाल्या, "लई खाली बसावं लागतंय बया. पण सरळ जातीय." आणि पानावर जाऊन बसल्या. भाऊजींनी नांदेडचं वर्ष पुरं केलं. आजही त्यांचा हात त्याच स्टेअरिंगवर आहे.

दत्तगुरू काकांना शंभरी दाखवोत, डोळे आणि हात असेच शाबूत ठेवोत. सत्काराच्या दिवशी भाऊजी त्यांना आणायला लाल गाडीच घेऊन निघणार म्हणतात. हा लेख मी आधी काकूंकडेच पाठवतेय; काकांच्या गुडघ्यांना इतकं खाली बसणं सोसेल का, हे त्यांनी उलट टपाली कळवावं. सोसणार नसेल, तर मी जीप सांगून ठेवते.